मास्तर, पुढे काय?

मंडळी, गेल्या शनिवारी सकाळी चहा घेता घेता मेल उघडली तर मास्तरचं पत्र! (वीचॅट आपल्याकडे २०२० पासून बंद, त्यामुळे आमचा पत्रव्यवहार अजून ई-मेलवर चालतो, जुन्या जमान्यासारखा.) एरवी मास्तर लांबलचक लिहितो. पोरीचे प्रताप, फुटबॉलवरून शिव्या, सुझोऊच्या पावसाची तक्रार. यावेळी चारच ओळी. जुलैमध्ये करार संपतोय, बालवाडीवाले तो वाढवतील असं दिसत नाही, आणि शेवटी, "तू इंजिनियर आहेस. खरं सांग, मी आता कोडिंग शिकू का?"

आठवडा झाला, उत्तर दिलेलं नाही. डोक्यात मात्र तेच घोळतंय. म्हणून म्हटलं, आधी इथे लिहून काढू, मग त्याला लिहू.

मास्तर म्हणजे माझा सुझोऊतला शेजारी. २०२४ मध्ये एका क्लायंटच्या सॅपच्या कामासाठी मी सात महिने तिथे होतो. (तेव्हा भारत-चीन थेट विमानसेवा बंद होती, बँकॉकमार्गे गेलो. कंबरडं मोडलं.) मी चौदाव्या मजल्यावर, आणि समोरच्या दारात हा उत्तर इंग्लंडमधला उंच, टक्कल पडू लागलेला माणूस. बायको चिनी, मुलगी तेव्हा चार वर्षांची. पहिल्या आठवड्यात माझा गॅस पेटेना तेव्हा यानेच येऊन पेटवून दिला, आणि माझ्या हातची मुगाची खिचडी खाऊन वर "हे आजारी माणसाचं जेवण आहे का?" असंही विचारलं. तेव्हापासून दोस्ती.

तो चीनला आला २०१५ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. मी आज ज्या वयाचा आहे त्याच वयात. हातात इतिहासाची पदवी आणि १२० तासांचा इंग्रजी शिकवण्याचा एक कोर्स. गावात कॉल सेंटरची नोकरी करून कंटाळला होता. चीनमध्ये एका क्लासने त्याला महिना १६ हजार युआन, राहायला घर आणि वर्षाला एक विमानाचं तिकीट देऊ केलं. त्याच क्लासमध्ये त्याच्या शेजारी बसणारी चिनी शिक्षिका इंग्रजीची एम.ए. होती, व्याकरण याच्यापेक्षा कितीतरी पक्कं. तिला याच्या निम्म्यानेही पगार नव्हता. "मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं," तो एकदा म्हणाला. "मला पैसे माझ्या शिकवण्याचे मिळत नव्हते."

मग कशाचे मिळत होते? माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

चीनमध्ये परदेशी माणसाला नोकरी करायची तर वर्क परमिट लागतं. २०१७ पासून देशभर त्याची अ, ब, क अशी वर्गवारी आहे. इंग्रजी शिकवणारे बहुतेक सगळे 'ब' मध्ये. अटी साधारण अशा: पदवी हवी, दोन वर्षांचा अनुभव हवा (शिक्षणशास्त्राची पदवी किंवा तो १२० तासांचा कोर्स असेल तर अनुभव माफ), वय साठच्या आत, पोलिसांचा दाखला. आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे परदेशी भाषा-शिक्षकाने तत्त्वतः आपल्या देशाची मातृभाषाच शिकवायची. व्यवहारात याचा अर्थ अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. या यादीतला पासपोर्ट असला की दार उघडतं, नसला की बहुधा नाही.

याचा मला आलेला अनुभव सांगतो. आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी लिफ्टमध्ये मला फोनवर इंग्रजी बोलताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाला शनिवार-रविवार इंग्रजी शिकवशील का म्हणून विचारायला आल्या. देश कोणता? भारत, म्हटल्यावर चेहरा जरा विचारात पडला. मग एकदम खुलून म्हणाल्या, "मग गणित शिकव!" :-) (मी दोन्हीला नाही म्हटलं. परमिटवर लिहिलेल्या नोकरीबाहेर काम करणं तिथे बेकायदा आहे. २०१३ पासून लागू असलेल्या कायद्यात त्याला ५ हजार ते २० हजार युआन दंड आहे, आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी. नातवाच्या गणितापायी कोण आत जाईल?)

गंमत सोडा. मुद्दा असा की पुण्या-मुंबईत इंग्रजी साहित्यात एम.ए. करून दहा वर्षं शिकवलेली एखादी बाई तिथे साधारणपणे इंग्रजीची शिक्षिका होऊ शकत नाही, आणि इतिहासाची पदवी असलेला माझा मास्तर होऊ शकतो. हे अन्यायाचं आहेच. पण नीट पाहिलं तर हा नियम मास्तरच्याही मुळावर आलेला आहे. कारण ज्या गोष्टीचे पैसे मिळतात ती गोष्ट जन्मतःच पूर्ण मिळालेली आहे! पासपोर्ट पहिल्या वर्षी जेवढा ब्रिटिश असतो तेवढाच दहाव्या वर्षी. त्यात भर घालायला जागाच नाही. उलट बावीस वर्षांचा, ताजातवाना, कमी पगारात खूश असणारा दुसरा ब्रिटिश पासपोर्ट दरवर्षी विमानातून उतरतोच.

आकडे बघा. मास्तरचा पगार २०१५ ला १६ हजार, २०२४ ला १९ हजार. नऊ वर्षांत तीन हजारांची वाढ. याच काळात चीनच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे शहरांतल्या खासगी नसलेल्या आस्थापनांमधला सरासरी वार्षिक पगार २०१५ च्या ६२ हजार युआनवरून २०२३ मध्ये १ लाख २० हजारांवर गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मास्तर २०१५ मध्ये शहरात श्रीमंत होता. २०२४ मध्ये तो मध्यमवर्गीय होता, आणि त्याच्या मेव्हण्याने तोपर्यंत दुसरा फ्लॅट घेतला होता.

बढती म्हणाल तर तीही नाही. चिनी शाळेत परदेशी शिक्षकाला 'वायज्याओ' म्हणतात, म्हणजे बाहेरचा शिक्षक. तो शिकवतो बोलायचं इंग्रजी, बऱ्याचदा एका वर्गाला आठवड्यातून एखादा तास. मुलांचं भवितव्य ठरवणारी परीक्षा म्हणजे गाओकाओ. तिच्या ७५० गुणांपैकी १५० इंग्रजीला, आणि बहुतेक ठिकाणी ते सगळे लेखी परीक्षेचे. त्यामुळे व्याकरण, निबंध, उतारे हे सगळं चिनी शिक्षकांकडे. वायज्याओ म्हणजे आपल्याकडच्या शाळेतल्या पीटीच्या सरांसारखा. पोरांचा लाडका, पण परीक्षा जवळ आली की त्याचा तास गणिताच्या बाई मागून घेतात. विभागप्रमुख, मुख्याध्यापक ही वाट त्याच्यासाठी नाहीच. त्यासाठी चिनी लिहिता-वाचता यावं लागतं, आणि मास्तरचं चिनी अकरा वर्षांनंतरही टॅक्सी आणि भाजीबाजारापुरतं. (हा मात्र त्याचा स्वतःचा दोष. तो मान्यही करतो.)

हे सगळं चालून गेलं असतं, मागणी टिकली असती तर. चीनने २००१ मध्ये तिसरीपासून इंग्रजी आणायचं ठरवलं, त्याच वर्षी देश जागतिक व्यापार संघटनेत गेला, २००८ ला बीजिंगला ऑलिंपिक झालं. वीस वर्षं इंग्रजीची भूक वाढतच गेली. आईबाप पोटाला चिमटा घेऊन क्लासला पैसे भरत होते. अशा वेळी कोणाला वाटणार की हे थांबेल?

थांबलं. २४ जुलै २०२१ ला 'दुहेरी कपात' धोरण जाहीर झालं. दुहेरी म्हणजे मुलांवरचा गृहपाठाचा भार आणि क्लासचा भार, दोन्ही कमी करायचे. शाळेतल्या विषयांचे क्लास नफ्यासाठी चालवायचे नाहीत, शनिवार-रविवार आणि सुट्टीत घ्यायचे नाहीत, त्यात परदेशी भांडवल नको, परदेशात बसलेल्या परदेशी माणसांकडून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवून घ्यायचं नाही, आणि शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांना तर परकीय भाषेचे क्लास लावायचेच नाहीत. आता मास्तरचा क्लास चालायचा कधी? संध्याकाळी आणि शनिवार-रविवार. शिकणारे कोण? चार ते बारा वर्षांची पोरं. एका कागदाने दुकान बंद! अमेरिकेतल्या हजारो शिक्षकांना घरबसल्या काम देणारी व्हीआयपीकिडसुद्धा त्यातून सुटली नाही.

इथे एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. न्यू ओरिएंटल ही चीनमधली क्लासची सगळ्यात प्रसिद्ध कंपनी, यू मिनहोंग यांनी १९९३ मध्ये काढलेली. या धोरणानंतर कंपनीने ६० हजार लोकांना कमी केलं, हे खुद्द यू यांनी जानेवारी २०२२ मध्ये जाहीरपणे लिहिलं. मग उरलेल्या काही शिक्षकांना घेऊन कंपनीने इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करून तांदूळ, फळं, पुस्तकं विकायला सुरुवात केली. त्यातला दोंग यूहुई नावाचा इंग्रजीचा शिक्षक जून २०२२ मध्ये एकदम देशभर गाजला. माल विकता विकता तो फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचा, कविता, इतिहास, खेड्यातल्या आठवणी सांगायचा. लोक वेड्यासारखे बघायला लागले.

दोंगसारखा हजारात एक, हे मलाही कळतं. बाकीच्यांचे हाल झालेच. पण फरक बघा. नोकरी गेली तरी चिनी शिक्षकाचा देश त्याचा होता, भाषा त्याची होती, तो उद्यापासून भाजी विकू शकत होता. मास्तरची नोकरी गेली तेव्हा त्याचं परमिटही गेलं, कारण ते त्या मालकाच्या नावाने होतं. दुसरीकडे जायचं तर आधीच्या मालकाचं सोडचिठ्ठीचं पत्र हवं, आणि तो मालक तर फोनच उचलत नव्हता. दोन महिन्यांचा पगार बुडाला तो बुडालाच. बायको चिनी असल्याने त्याला कुटुंबाच्या व्हिसावर राहता आलं, पण त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. चार महिने तो घरी बसून मुलीला सांभाळत होता. आपल्यातल्या एच-वन-बीवाल्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

मग त्याने खासगी बालवाडी धरली, आणि तिथे दुसरं संकट वाट बघतच होतं. चीनमध्ये २०१६ साली पावणेदोन कोटींहून जास्त मुलं जन्मली होती. २०२३ मध्ये हा आकडा ९० लाखांच्या आसपास आला. नुसत्या २०२३ या एका वर्षात देशातल्या बालवाड्या १४ हजारांहून जास्तने कमी झाल्या. मास्तरच्या बालवाडीत तो लागला तेव्हा सात वर्ग होते, मी तिथे असताना चार झाले, आता तीन आहेत. तीन वर्गांना परदेशी मास्तर कशाला? धोरण एखादे वेळी बदलेलही. पण जी मुलं जन्मलीच नाहीत ती पुढच्या वर्षी शाळेत येणार कुठून?

तर माझं मत सरळ आहे. चीनमध्ये जाऊन इंग्रजी शिकवणं ही दोन-तीन वर्षांसाठी छान नोकरी आहे. देश बघावा, भाषा शिकावी, चार पैसे गाठीला बांधावे. पण ती करिअर नाही, आणि ती आपोआप करिअर होईल या आशेवर तिथे पाचवं वर्ष काढणं धोक्याचं आहे.

हे मी सुझोऊमध्ये एकदा मास्तरला बोलून बसलो होतो. तेव्हा तो जे म्हणाला तेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. तो म्हणाला, "तुम्ही इंजिनियर लोक आयुष्याकडे रिलीज प्लॅनसारखं बघता. मी इथे बायको मिळवली, मुलगी मिळवली. माझ्या वर्गात पहिल्यांदा हॅलो म्हणालेली पोरं आज कॉलेजात आहेत. गावात राहिलो असतो तर कॉल सेंटरमध्ये सुपरवायझर झालो असतो. यातलं करिअर कुठलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. सगळ्यांनी शिडीच चढली पाहिजे असं थोडंच आहे? पण गेल्या शनिवारची मेल त्यानेच पाठवली आहे ना! मुलगी आता पहिलीत जाईल. शिडी नको म्हणणाऱ्यालाही पायाखाली जमीन लागते.

मग ज्यांचं बरं झालं त्यांनी काय केलं? पीटर हेस्लर बघा. १९९६ ते १९९८ तो पीस कोअरतर्फे यांगत्से नदीकाठच्या फूलिंग गावातल्या अध्यापक महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला होता. त्या दोन वर्षांत तो चिनी भाषा शिकला, आणि त्यातून २००१ मध्ये 'रिव्हर टाउन' हे पुस्तक आलं. पुढे तो चीनवर लिहिणारा नावाजलेला पत्रकार झाला. शिकवणं संपलं तेव्हा त्याच्या हातात काहीतरी होतं. आणि गंमत म्हणजे तोच माणूस २०१९ मध्ये सिचुआन विद्यापीठात शिकवायला परत गेला, तर २०२१ मध्ये त्याचाही करार पुढे वाढवला नाही. एवढ्या नावाच्या माणसाची ही गत, तर बालवाडीतल्या मास्तरचं काय! फक्त हेस्लरकडे लेखणी होती, त्यामुळे त्याचं अडलं नाही.

प्रत्येकाला पुस्तक लिहिता येणार नाही. पण साधी वाट आहे, आणि सुझोऊतच मी ती पाहिली. मास्तरच्याच फुटबॉलच्या टोळक्यातल्या एकाने नोकरी करता करता शिक्षकाची पात्रता मिळवली, म्हणजे आपल्याकडच्या बी.एड.सारखं काहीतरी, आणि तो आंतरराष्ट्रीय शाळेत विज्ञान शिकवायला लागला. पगार मास्तरच्या दीडपट, वर मुलाची फी माफ. त्या शाळांनाही घटत्या मुलांची झळ लागणार आहेच. पण फरक असा की शिक्षकाची पात्रता घेऊन तो उद्या दुबई, बँकॉक, क्वालालंपूर कुठेही जाऊ शकतो, अगदी इंग्लंडलाही परतू शकतो. मास्तरचा अकरा वर्षांचा अनुभव खरा आहे, मी त्याला बालवाडीच्या स्नेहसंमेलनात पोरांना सांभाळताना पाहिलंय, जादूगार आहे तो. पण या अनुभवाचा एकही कागद त्याच्याकडे नाही, आणि कागद नसलेला अनुभव विमानतळापलीकडे कोणी मोजत नाही.

आता मी त्याला काय लिहिणार ते सांगतो.

एक, कोडिंग नको. चाळिशीच्या दारात, शून्यापासून, तेही आत्ता? माझ्या ओळखीतली नुकती पास झालेली पोरं ऑफर लेटर घेऊन महिनोन् महिने घरी बसली आहेत, आणि नवशिक्याला जी कामं द्यायचो त्यातली बरीचशी आता एआयकडून करून घेतात. अकरा वर्षं ज्यात घालवली ते टाकून देऊन आमच्या रांगेत शेवटी उभं राहण्यात काही अर्थ नाही.

दोन, शिक्षकाच्या पात्रतेसाठी याच महिन्यात अर्ज कर. वर्ष-दीड वर्ष जाईल, पैसेही जातील, बायकोच्या पगारावर घर चालवावं लागेल. पण यातून जे मिळेल ते तुझं असेल, मालकाचं नाही.

तीन, कायमच्या वास्तव्याचा अर्ज टाक. २०१६ मध्ये अख्ख्या चीनने मिळून फक्त १५७६ जणांना तो दिला होता, त्यामुळे हसू नकोस, सोपं नाही हे मलाही माहीत आहे. पण तुझ्या लग्नाला पाच वर्षं झाली आहेत, सलग पाच वर्षं तू तिथेच आहेस, घर आहे. उत्पन्न स्थिर दाखवावं लागतं, म्हणून नोकरी जाण्याआधी टाक, नंतर नाही. तो मिळाला तर परमिटसाठी कोणत्या मालकाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

आणि चार, मुलीबरोबर बसून चिनी अक्षरं गिरव. ती पहिलीत, तूही पहिलीत.

एवढं सगळं दुसऱ्याला शिकवताना एक गोष्ट टोचत राहिली, ती लिहून थांबतो. मी साडेपाच वर्षं एकाच क्लायंटचं एकच जुनं मॉड्यूल सांभाळतोय. सुझोऊला मला जे जास्तीचे पैसे मिळाले ते सुझोऊत असल्याचे मिळाले, मला जास्त येतं म्हणून नाही. परत आल्यावर ते बंद झाले आणि मला मेलं वाईट वाटलं होतं! मास्तरचं परमिट मालकाच्या नावावर होतं, माझं कौशल्य एका क्लायंटच्या सर्व्हरवर आहे. तो क्लायंट उद्या नव्या सिस्टीमवर गेला तर मी कोणाला मेल पाठवणार?

असो. चहा पुन्हा गरम करायला हवा. मास्तरला आज रात्री लिहितोच, आणि सोमवारपासून रोज एक तास स्वतःसाठीही काढतो म्हणतोय. बघू या, दोघांपैकी आधी कोण अर्ज टाकतो ते.